कडू पाल्यावर बंदी

डोंगरापल्याड एक रान होतं. तिथे एकमेकांना खायला कायद्याने मनाई होती, म्हणून सगळे प्राणी ज्वारी पेरत. बियाणं एका मोठ्या कणगीत राही आणि कणगी चानीकाकू नावाच्या खारीच्या ताब्यात असे. काकू तोंडाने फटकळ, पण कामाला चोख. दाणा उन्हात इतका वाळवायचा की दाताखाली कटकन फुटला पाहिजे. मग कणगीत भरताना थराथराला कडुनिंबाचा सुकवलेला पाला आणि वेखंडाची पूड. पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळायचे आणि चार दिवसांनी कोंब मोजायचे. नव्वदाच्या खाली आकडा कधी गेला नव्हता.

राजे ऐरावतराव हे निवडून आलेले हत्ती. एके दिवशी दरबारात सोंडकिड्यांचं शिष्टमंडळ आलं. सोंडकिडा तिळाएवढा असतो. तो दाण्याला भोक पाडून आत अंडं घालतो, आणि पुढचं पोरंबाळं बघून घेतात.

"महाराज, आम्ही आपलेच," पुढारी टोकेराव म्हणाले. "ही बघा सोंड!"

राजांनी भिंग मागवलं. सोंड खरोखरच होती. राजांचे डोळे भरून आले.

"बोला, काय त्रास आहे?"

"कडू वास, महाराज! आम्हाला पिढ्यान्‌पिढ्या कणगीबाहेर ठेवायचं हे कारस्थान आहे."

संध्याकाळपर्यंत कडू पाल्यावर बंदी आली. 'गोड राज्य, गोड दाणा!' अशी घोषणा झाडाझाडावर रंगवली गेली. कणगीची देखरेख टोकेरावांच्या समितीकडे गेली.

"अहो महाराज," काकू म्हणाल्या, "ते दाणा राखायला नाही, खायला आलेत!"

"काकू, तुमची भाषा फूट पाडणारी आहे."

"असू दे. माझ्या वाट्याचं बी मी घरी नेते. माझ्या ढोलीत काय घालायचं ते मी बघीन." आणि त्यांनी पाला दुप्पट घातला.

पेरणी जवळ आली तेव्हा काकूंनी सवयीने कणगीतले शंभर दाणे गोणपाटात घातले. कोंब आले अकरा. त्या गोणपाट घेऊन धावतच दरबारात गेल्या. राजे स्वतः उठले, कणगीपाशी आले आणि त्यांनी आपला सुपाएवढा कान तिला लावला. आत खसखस, कुरकुर चालू होती.

"ऐका!" राजे गरजले. "बियाणं किती जिवंत आहे! काकूंच्या काळात ही कणगी मुकी असायची!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. टोकेरावांना 'बीजभूषण' मिळालं. काकूंना रडू आलं. दुःखापेक्षा संतापाचंच जास्त. वर्षभर सगळं रान काय खाणार होतं?

पेरणीच्या दिवशी कणगी उघडली तेव्हा पिठाचा ढग उठला आणि सोंडकिड्यांची हजारो पोरं भराभरा बाहेर आली. "बियाण्याने भरारी घेतली!" राजांनी जाहीर केलं. उरलेली टरफलं पेरली गेली. पंधरा दिवसांनी सगळं रान उघडं बोडकं होतं. फक्त काकूंची पट्टी हिरवीगार दाट उगवली होती.

मग एकेक जण ढोलीपाशी येऊ लागला. ससा आला, साळिंदर आलं, टाळ्या वाजवणारी माकडंही आली. काकूंनी प्रत्येकाला आधी चार शिव्या हासडल्या आणि मग ढोलीत उरलेल्यातलं मूठभर बी दिलं. दुबार पेरणी उगवली. रान पुन्हा हसू लागलं, काकूही.

सगळ्यांत शेवटी राजे आले. गुपचूप, म्हणजे हत्तीला जमेल तितकं गुपचूप.

"काकू, राजवाड्याच्या शेताला जरा बी हवं होतं."

"कुठलं देऊ? गोड की कडू?"

राजांनी मागेपुढे पाहिलं. "कडू."

"मग बंदी उठवताय ना?"

"छे हो! निवडणूक महिन्यावर आली, आणि सोंडकिडे आता आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त झालेत. बी तुमच्याकडून नेता येतं, पण मतं कणगीतूनच येतात."