केसाहून बारीक तार

"मग या टेबलावर मी कधी बसायचं, चाचा?"

विश्राम हे तिसऱ्यांदा विचारत होता. मुनीरचाचांच्या रेडिओदुरुस्तीच्या दुकानात तो चार वर्षं काम शिकत होता.

"घाई कसली? लग्न ठरलंय का?"

"तुमचा हात थरथरतो आता. गिऱ्हाईक बघतं, मग मला विचारतं."

चाचांनी चहाची बशी खाली ठेवली. ती ठेवतानाही किणकिणली...

मग त्यांनी एक छोटीशी कॉइल पुढे सरकवली. जुन्या इअरफोनमधली. तिची तार केसाहून बारीक होती आणि एक टोक तुटलेलं होतं.

"ही जोड. जोडलीस की टेबल तुझं."

विश्राम टेबलाशी बसला. तारेवर इनॅमलचा थर असतो, तो खरवडल्याशिवाय वीज पुढे जात नाही, हे त्याला ठाऊक होतं. त्याने ब्लेड घेतलं.

तार तुटली.

पुन्हा खरवडली. पुन्हा तुटली.

"तारच सडकी आहे."

"हो का? तिला सांगून बघ."

आता नखाएवढंच टोक उरलं होतं. तेही तुटलं असतं, तर कॉइल फेकूनच द्यावी लागली असती. विश्रामने ब्लेड नुसतं टेकवल्यासारखं केलं आणि वर वितळलेल्या कथलाचा डाग दिला. डाग मोत्यासारखा बसला.

चाचांनी तार हलकेच ओढली. ती डागातून अलगद बाहेर आली. इनॅमल पुरतं निघालं नव्हतं, म्हणून कथील तिला चिकटलंच नव्हतं.

"भ्यालास," चाचा म्हणाले.

विश्रामने ब्लेड बाजूला ठेवलं.

चाचांनी पॉलिश पेपरचा झिजलेला तुकडा दुमडला. टोक त्याच्या घडीत ठेवलं आणि घडी दोन बोटांत धरली. घासलं नाही, ओढलं नाही. नुसती धरून ते रस्त्याकडे बघत उभे राहिले.

हात नेहमीसारखा थरथरत होता, आणि बोटांतली घडीही...

बऱ्याच वेळाने त्यांनी घडी उघडली. टोक शाबूत होतं. चारही बाजूंनी उघडं, गुलाबी तांबं.

विश्राम त्या टोकाकडे बघत राहिला. मग टेबलावरून उठला.

"बसा, चाचा."

चाचा बसले नाहीत.

"तू बस," ते म्हणाले. "डाग द्यायला हात स्थिर लागतो."