तांबोळ्याच्या टोपलीचा नियम

फार फार जुन्या काळी, जेव्हा राजे पुष्कळ होते आणि विडे खाणारे त्याहून पुष्कळ, तेव्हा एका नगरात एक तांबोळी राहत असे. दुकान बोळाच्या तोंडाशी आणि बोलणं गोड. गिऱ्हाइकाला विडा बांधून देता देता तो एखादी गोष्टही ऐकवी, तीही फुकट.

पान म्हणजे नाजूक माल. तांबोळी रोज सकाळी टोपलीतली पानं एकेक करून पालटी. डागाळलेलं दिसलं की बाहेर भिरकावी आणि म्हणे, "एक सडकं पान सगळी टोपली नासवतं." हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. चार टोपल्या नासल्यावर तो आपला आपणच शिकला होता, म्हणून त्याचा त्यावर फार विश्वास.

त्याची थोरली लेक सगुणा दहा वर्षांची, धाकटा लेक सहाचा. सगुणा त्याच्याशेजारी बसून पानं पुसायची आणि बडबडायची. एका हिवाळ्यात तिची बडबड थांबली. मग जेवण निम्म्यावर आलं. मग ती दिवसचे दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागली. ताप नाही, खोकला नाही.

तांबोळ्यानं बत्तासे आणले, लाकडी घोडा आणला. बायकोनं मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. बहुरूपी घरी बोलावला, त्यानं माकडाचं सोंग आणलं. सगळी गल्ली हसली, सगुणा तेवढी हसली नाही.

"अगं, तुला काय कमी आहे?" तो रोज विचारी. दर वेळी ती भिंतीकडे आणखी थोडी सरके.

पुढे धाकटाही गप्प गप्प दिसू लागला, आणि तांबोळ्याला आपली टोपली आठवली. त्यानं पोराला बजावलं, "ताईजवळ बसायचं नाही. बाहेर जाऊन खेळ." सगुणाचं अंथरूण मागच्या खोलीत गेलं, ताटही तिकडेच जाऊ लागलं.

तरी पोर वाळतच चालली. शेवटी शेजारीण म्हणाली, "नदीपलीकडच्या वैद्यीणबाई मुलांची मनं बघतात. त्यांना आणा."

वैद्यीणबाई आल्या. नाडी पाहिली आणि सगुणाच्या अंथरुणाशी खाली बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "जड वाटतंय का गं?"

सगुणाची मान हलली. थोड्या वेळानं तिचा आवाज आला. "मी सडकं पान आहे. बाबांना सांगा, मला टोपलीतून काढून टाका. म्हणजे धाकटा नासायचा नाही."

तांबोळी दाराआड उभा होता.

"सांगितलंस ते बरं केलंस, बाळ," वैद्यीणबाई म्हणाल्या. त्यांनी पोरीच्या आईला तिच्याजवळ बसवलं, "हिला एकटं सोडू नका" म्हणून सांगितलं, आणि तांबोळ्याला नदीपलीकडे आपल्या पानमळ्यात नेलं. तिथं एका वेलीनं मान टाकली होती.

"ही उपटून टाकू का, दादा?"

"छे हो. मुळं जिवंत आहेत तिची. शेवरीच्या झाडाला बांधा."

"घट्ट बांधू?"

"सैल बांधा. घट्ट बांधली तर काचेल."

"आणि लवकर चढावी म्हणून रोज वर ओढली तर?"

"तुटेल की." एवढं म्हणून तांबोळी वेलीची पडलेली मान हातानं सावरू लागला.

"टोपलीचा तुमचा नियम खोटा नाही," वैद्यीणबाई म्हणाल्या. "पण तो खुडलेल्या पानाचा. तुमची लेक अजून वेलीवर आहे."

त्याच दिवशी सगुणाचं अंथरूण माजघरात परत आलं. धाकटा तिच्या पायाशी बसून लाकडी घोडा पळवू लागला. वैद्यीणबाई दर बाजारच्या दिवशी येत. कधी काढा देत, कधी नुसत्या ऐकत बसत. तांबोळ्यानं 'काय कमी आहे' हे विचारणं सोडलं. तो विचारी, "आज किती जड?"

"पोत्याएवढं."

"बरं. मग मी इथंच बसतो."

महिने गेले. पोत्याची टोपली झाली, टोपलीची कधीमधी सुपारी झाली. मध्येच पुन्हा पोतं होई, तेव्हा तांबोळ्याचा जीव खाली-वर होई. वैद्यीणबाई म्हणत, "वेल काय रोज चढते का?"

वर्षभरानं सगुणा दुकानात पानं पुसायला बसू लागली. एके सकाळी राजवाड्याचा शिपाई शंभर विड्यांसाठी खोळंबला होता. सगुणाचा हात मध्येच थांबला. कुणी न विचारता ती म्हणाली, "बाबा, आज पोत्याएवढं आहे."

तांबोळ्यानं हातातला विडा खाली ठेवला. टोपली बाजूला सारली आणि लेकीला आपल्याजवळ जागा केली.

"अहो, महाराज वाट बघताहेत," शिपाई म्हणाला.

"बघू देत जरा," तांबोळी म्हणाला. "माझी लेक बोलतेय."

तात्पर्य: मान टाकलेल्या मुलाला दूर सारू नये, जाणत्याला बोलवावं आणि आपण त्याच्याजवळ बसावं.