महाराजांचा उपास

पौर्णिमेपर्यंत शाळेतलं प्रत्येक पोर दोन शेर वजनाने वाढलं पाहिजे, नाहीतर केरोपंत गुरुजींना हाकलून शाळेला कुलूप! भूपालसेन राजाचा असा हुकूम किल्ल्याच्या पायथ्याच्या कोंडवळला आला. राजाने म्हणे भर दरबारात तळहातावरून पाणी सोडून संकल्प केला होता, की राज्यात एकही मूल हाडकुळं राहणार नाही.

हुकुमाबरोबर भलामोठा पितळी तराजू आला. तराजू सांभाळायला अंमलदार आला. धान्याचा दाणा मात्र आला नाही.

शाळेत झाडलोट करणारी सगुणा रोज बघत होती. गुरुजी पाढे घ्यायला उभे राहिले, की अंमलदार पोरांना तराजूत बसवायचा. महिनाभरात पोरांना पाढे आले नाहीत, पण तराजूत न हलता बसायला छान आलं. पौर्णिमा जवळ आली तशी अंमलदाराने पोरांच्या कमरेला दगड बांधायची युक्ती सुचवली. गुरुजींनी हात जोडून नको म्हटलं आणि घरी जाऊन स्वतःचं बोचकं बांधायला घेतलं.  सगुणाची लेक चिंगी नुकती कुठे अक्षरं जुळवू लागली होती; शाळा गेली तर पुन्हा गोवऱ्या थापणं आलं.

पौर्णिमेला राजा आला. पोरं तोलली गेली. गुंजभरही कुणी वाढलं नव्हतं, दोघं तर घटली होती. राजा गुरुजींवर कडाडला, आणि कडाडून भूक लागली म्हणून पुरणपोळीच्या ताटावर बसला.

सगुणा पदर सावरून पुढे आली.

“महाराज, संकल्पाचं पाणी कुणी सोडलं होतं?”

“मी. अख्ख्या दरबारासमोर.”

“मग संकल्प पुरा होण्याआधी पोळीला हात कसा लावता? मी सोळा सोमवार केले, पण माझ्या उपासाला शेजारणीची पोरं नाही बसवली.”

राजाचा घास हातातच राहिला. त्याने राजपुरोहिताकडे पाहिलं. पुरोहित मान खाली घालून पुटपुटला, की बाई म्हणते ते खरं. संकल्प ज्याचा, उपासही त्याचाच.

“म्हणजे पोरं वाढेपर्यंत मी उपाशी?”

“असं कसं होऊ देऊ, महाराज? रोज उद्यापन करा. उद्यापनाला आधी पंगत जेवते, व्रत करणारा मागून. शाळेची पंगत उठली, की तुमचं ताट वाढायचं.”

राजाने ताटाकडे पाहिलं, पोरांकडे पाहिलं, आणि पोट हलेपर्यंत हसला. पोळ्या पोरांपुढे गेल्या. राज्यातल्या शाळाशाळांत चूल पेटवायचा हुकूम सुटला, गुरुजींचं बोचकं सुटलं, आणि अंमलदाराच्या हाती वाढायचा डाव आला.

सगुणाला जरीचं लुगडं मिळालं. शिवाय पंगत उठल्याची वर्दी रोज राजवाड्यावर धाडायचा मानही तिचाच. तेव्हापासून शाळेच्या धान्याची सरकारी गाडी एक दिवसही उशिरा आली नाही.