बुवांचा कान आणि देवळाची घंटा

एका डोंगरगावात वाद्ये जुळवून देणारे एक बुवा राहत असत. देवीच्या उत्सवाआधी पंचक्रोशीतली सारी वाद्ये त्यांच्या ओसरीवर येत. बुवा डोळे मिटून ऐकत आणि सूर पटला तर वाद्याला लाल दोरा बांधत. दोरा नसलेले वाद्य उत्सवात वाजत नसे, आणि मग वर्षभर कुणाच्या लग्नातही नाही.

त्या वर्षी पहिल्याच आलेल्या सनईवाल्याला बुवांनी दोरा नाकारला.

"सनई वाईट आहे," ते म्हणाले.

"वाईट म्हणजे काय, बुवा?"

"बेसूर आहे. आणि कानाला गोड लागत नाही."

"ही तर दोन वेगळी कारणं झाली. गोडाचं राहू द्या. पण सूर मी देवळाच्या घंटेवरून धरलाय. आज्यापासून आम्ही तोच धरतो."

बुवा तडक देवळात गेले. त्यांनी घंटा वाजवली. घंटाही चढी, म्हणजे मूळ सुरापेक्षा वर लागत होती. पण तोंडातून शब्द तर गेला होता. "घंटेतच दोष आलाय," त्यांनी पाटलांना सांगून टाकले.

तोवर गावात कुणालाच फरक जाणवला नव्हता. आता जो तो मान हलवू लागला. "मला तर गेल्या सालापासूनच वाटत होतं," किराणावाला म्हणाला. आपले कपाळ रोज कशाने दुखते, हे पुजाऱ्यालाही उमगले. घंटा वितळवून नवी करायचे ठरले आणि ओतारी बोलावला गेला.

बुवांना मात्र घास गिळेना. दाराची कडी, पितळी तांब्या, बायकोच्या बांगड्या, सगळेच चढे वाजत होते. एका आठवड्यात सगळे गाव कसे बिघडेल?

"अहो, भात गार झाला," बायको म्हणाली. बुवा तिच्या बांगड्यांकडे बघत राहिले.

ठरल्या दिवशी ओताऱ्याने घंटेला दोर बांधले आणि अंदाज घ्यायला एक टोला दिला. आवाज मोठा होता. बुवांनी नकळत उजव्या कानात बोट घातले, आणि घंटा त्यांना लहानपणी ऐकू यायची तशी ऐकू आली. त्यांनी डावा कान झाकला. घंटा चढली. पुन्हा उजवा झाकला. घंटा जागेवर आली.

कुणी काही पाहिले नव्हते. गप्प राहिले, तर भट्टीत सगळे झाकून जाणार होते. नवी घंटा त्यांच्याच कानाने ठरली असती, आणि सारे गाव पिढ्यान्‌पिढ्या एका बिघडलेल्या कानाला जुळले असते. बोलले, तर पुढच्या वर्षी ओसरीवर कोण येणार?

"बुवा, उतरवू ना?" ओताऱ्याने वरून विचारले.

"थांब." बुवा म्हणाले. "घंटा चांगली आहे. माझा उजवा कान गेलाय."

कुणीतरी फिसकन हसले. "तरी मला वाटतच होतं," किराणावाला म्हणाला.

"मग आता दोरे कोण बांधणार?" पाटलांनी विचारले.

"मीच, डाव्या कानानं. पण इथे, घंटेपाशी बसून. चार जणांनी बरोबर ऐकायचं आणि मी चुकलो तर तिथल्या तिथे सांगायचं."

त्या वर्षी निम्मी वाद्ये शेजारगावच्या माणसाकडे गेली. बुवांकडे पहिला आला तो सनईवालाच. त्याने फुंकर घातली आणि सनईचा सूर घंटेच्या सुरात मिसळून गेला. चौघांनी माना डोलावल्या. बुवांनी दोरा बांधला आणि गाठ घट्ट केली.

"सूर चोख आहे," ते म्हणाले. "सनई मला आवडली नाही, ती नाहीच."

सनईवाला हसला. "चालतंय की, बुवा. आमच्या सासूबाईंनाही आवडत नाही."

तात्पर्य इतकेच: चूक चारचौघांत पडताळून दाखवता येते, आवड फक्त सांगता येते. आपल्या नावडीला दुसऱ्याचा दोष म्हणण्याआधी आपला कान तपासावा.