शेंगांच्या पाण्याचं मडकं

खूप खूप जुनी गोष्ट आहे. पश्चिम आफ्रिकेत, उंच गवताच्या माळावर एक लहानसं गाव होतं. घरं मातीची, गोल. पावसाळ्याआधी बायका भिंती लिंपत आणि वरून शेंगा उकळून काढलेलं तांबडं, चिकट पाणी चोपडत. ते वाळलं की भिंतीत पाऊस शिरत नसे.

गावाची एक रीत होती. स्वतःची भिंत स्वतः लिंपायची नाही, शेजारणीची लिंपायची.

आयंपोकाचा हात गावात सगळ्यांत सफाईदार. तिची शेजारीण मात्र थरथरत्या हातांची म्हातारी.

"आजी, माझी भिंत लिंपताय की थोपटताय?" आयंपोकाने विचारलं. बायका खिदळल्या.

"थोपटतेय गं. पावसात शांत झोपली पाहिजे ना!"

आयंपोका हसली, पण मनातून खट्टू झाली. हिच्या घराला माझा हात, आणि माझ्या घराला हा असला? तिने म्हातारीची भिंत छान गुळगुळीत केली, तांबड्या मातीने रंगवली. शेंगांचं पाणी मात्र लावलं नाही. पुढे गुपचूप आपल्याच भिंतीला लावू, म्हणून तिने भरलं मडकं घरात झाकून ठेवलं. बघणाऱ्याला फरक कळत नव्हता.

चौथ्याच दिवशी भर दुपारी वादळ आलं. म्हातारीची देखणी भिंत मिठाच्या खड्यासारखी विरघळली. आत पेरणीसाठी राखलेली बाजरी होती. ती चिखलात गेली.

भिजलेली म्हातारी बकरीला ओढत आयंपोकाच्या घरात आली. आधी तिने भिंतीवरून हात फिरवला. भिंत खडबडीत होती, बोटांच्या ठशांनी भरलेली. पण थेंबही आत आला नव्हता.

"टिकली गं बाई! माझ्या हातांचा मलाच भरवसा नव्हता, म्हणून दोनदा चोपडलं. मडकं पार खरवडलं बघ."

मग टेकायला जागा शोधताना तिचा हात झाकलेल्या मडक्याला लागला. तिने झाकण उचललं. वास घेतला.

"भरलेलंच आहे की गं," ती म्हणाली.

तिने चार शिव्या द्याव्यात, असं आयंपोकाला वाटलं. म्हातारी बकरीचं अंग पुसत बसली.

तीन दिवसांनी पाऊस थांबला, तोवर मडक्यातलं पाणी आंबून फुकट गेलं होतं. आयंपोकाने आपली निम्मी बाजरी म्हातारीला दिली आणि तिची भिंत नव्याने उभारली.

पुढच्या वर्षी लिंपण झाल्यावर तिने रिकामं मडकं म्हातारीपुढे उपडं धरलं.

"मला कशाला दाखवतेस?" म्हातारी म्हणाली. "मी पावसात भिंत बघेन."

तात्पर्य : दुसऱ्याच्या कामातून जे चोरून राखावं, ते आपल्याही उपयोगी पडत नाही.