रणधीर शेलारांचा अरापायमा

"मग माझ्यापुढं आता कोण उरलंय, वस्ताद? तुम्हीच सांगा."

रणधीरराव शेलारांनी हे हसत विचारलं खरं, पण उत्तर त्यांना मनापासून हवं होतं.

कोल्हापुरात वस्ताद म्हटलं की लोकांना तालीम आठवते. नबीलाल मुजावर मात्र मासे पाळणाऱ्यांचे वस्ताद. वय अठ्ठ्याहत्तर. आयुष्यभर काचा कापल्या, टाक्या जोडल्या, आणि ज्याला माशांचा नाद लागला त्याला पाणी ओळखायला शिकवलं. रणधीरराव पंधरा वर्षांचे असताना लोणच्याच्या बरणीत दोन गप्पी मासे घेऊन त्यांच्या दारात उभे राहिले होते.

आज शिरोलीला त्यांची फौंड्री होती. आणि बंगल्याच्या दिवाणखान्यात अरापायमा होता.

अॅमेझॉनच्या खोऱ्यातला हा मासा. पूर्ण वाढला तर माणसापेक्षा लांब. समोर येईल ते गिळणारा. रणधीररावांनी आणला तेव्हा तो बोटाएवढा होता; चार वर्षांत सव्वापाच फुटांचा झाला. तो वाढला तशी टाकीही तीनदा वाढली. शेवटच्या खेपेला मधली भिंत पाडली, सोफा माडीवर गेला, आणि दीड इंच जाडीच्या काचेची बावीस फुटी टाकी दिवाणखान्यात उभी राहिली.

नाव ठेवलं होतं सरदार.

येत्या रविवारी पुण्याहून, बेळगावहून चाळीसेक शौकीन मंडळी त्याला बघायला येणार होती. त्या दिवशी वस्तादांनी पहिल्या खुर्चीत बसावं आणि दोन शब्द बोलावेत, एवढंच रणधीररावांचं मागणं होतं. कोणते दोन शब्द, तेही त्यांनी मनाशी ठरवून ठेवलं होतं.

वस्ताद टाकीपुढं उभे राहिले.

वरून पांढऱ्याफेक दिव्यांची रांग. खाली, अगदी कोपऱ्यात, मासा तळाला टेकून पडलेला. शेपटीकडचे लाल खवले त्या उजेडात पेटल्यासारखे दिसत होते.

रणधीरराव बोलत होते. थंडीत पाणी कोमट कसं ठेवतात, पंप बंद पडला तर दुसरा आपोआप कसा सुरू होतो, चिलापी आणि कोळंबी रोज पहाटे ताजी कशी येते. सरदार त्यांच्या हातातून खातो. दुसऱ्या कुणाच्या हाताकडं ढुंकून बघत नाही. हे सांगताना त्यांचा आवाज जरा चढला.

वस्तादांनी सगळं ऐकून घेतलं.

"किती दिवस झाले, खाल्लं न्हाई यानं?"

 बोलावलेले जाणकार सोडले तर ही गोष्ट रणधीररावांनी घरातसुद्धा कुणाला सांगितली नव्हती.

"नऊ..."

मग एकदा तोंड उघडल्यावर त्यांना थांबवेना. पाणी तपासून झालं होतं, औषध देऊन झालं होतं, जाणकार आणून दाखवून झालं होतं. सगळे म्हणतात सगळं ठीक आहे. आणि मासा तर डोळ्यांदेखत वाळत चाललाय. रविवार चार दिवसांवर आलाय.

"कपाळावर सोललंय ते कशानं?"

"झाकणाला धडकतो, वस्ताद. पडून असतो, पडून असतो, आणि एकदम उसळी घेतो."

"तू कुठं असतोस तेव्हा?"

"इथंच की." रणधीररावांनी काचेपुढची आपली खुर्ची दाखवली. सकाळी दोन तास, फौंड्रीतनं आल्यावर तीन तास, पाहुणे असले तर त्याहून जास्त. डोळ्यात तेल घालून बसतो, म्हणाले. गेल्या नऊ दिवसांत तर फौंड्रीचं तोंडसुद्धा बघितलं नाही. इतकी काळजी घेणारा दुसरा माणूस अख्ख्या जिल्ह्यात दाखवा.

वस्तादांनी एकदा त्या खुर्चीकडं बघितलं, एकदा माशाकडं.

अरापायमाचं इतर माशांसारखं नसतं. नुसत्या पाण्यावर त्याचं भागत नाही. दर दहा-पंधरा मिनिटांनी त्याला वर येऊन बाहेरची हवा तोंडानं ओढून घ्यावी लागते. ही गोष्ट रणधीररावांना ठाऊक नव्हती असं नाही. त्यांच्या फोनमध्ये तशी दीडशे चित्रणं होती.

"श्वास घेतानाचा आवाज ऐकलास कधी?" वस्तादांनी विचारलं.

"आवाज?... पाणी उडतं तेवढं ऐकू येतं."

वस्तादांनी भिंतीवरची बटणं शोधून टाकीवरचे दिवे एकेक करून मालवले. खिडकीतून येणारा दुपारचा उजेड तेवढा राहिला.

"बाहेर जा. दार ओढून घे."

रणधीरराव जागचे हलले नाहीत. ते फौंड्रीत शिरले की तीनशे माणसं कामावरनं मान वर करत. या घराची वीट न् वीट त्यांनी बसवून घेतलेली. या घरात त्यांना 'बाहेर जा' म्हणायची आजवर कुणाची छाती झाली नव्हती.

"वस्ताद, मासा माझा आहे."

"व्हय. तुझाच हाय."

...

ते बाहेर गेले. दार त्यांनी ओढलं ते जरा जोरातच.

दिवाणखान्याबाहेरच्या बोळात कोणी नव्हतं. रणधीरराव कडीवर हात ठेवून उभे राहिले. कान तापले होते. चार मिनिटं झाली. सहा झाली. वस्तादांचं आता वय झालं, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं. रविवारी बेळगावच्या कुणालातरी खुर्चीत बसवावं. आठ मिनिटं. फट करून बघावं म्हणून त्यांनी कडी जराशी वर उचलली.

आणि आवाज आला.

लांब, खोल, घोगरा. डोक्यावरचं ओझं उतरवून ठेवल्यावर माणूस सोडतो तसा. त्यामागून पाणी हललं, हळूच, कुठंही न आपटता.

त्यांनी कडी खाली ठेवली.

मग त्यांनी कान दाराला लावला आणि तसेच उभे राहिले. बऱ्याच वेळानं तो आवाज पुन्हा आला. या वेळी आणखी सावकाश. चार वर्षांत असा श्वास त्यांनी एकदाही ऐकला नव्हता. एवढा मोठा जीव! आणि हा आपल्या घरात श्वास घेतोय.  नऊ दिवसांत पहिल्यांदाच त्यांचे डोळे ओले झाले, आणि ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

आपल्याच दिवाणखान्याच्या दारावर त्यांनी बोटानं हलकेच टकटक केलं. आतून 'ये' आलं, तेव्हा कुठं ते आत गेले.

वस्ताद खुर्चीत बसले होते. खुर्ची भिंतीकडं फिरवलेली. टाकीकडं त्यांची पाठ.

रणधीररावांचा आवाज आता दबका झाला होता. मला ऐकू आला, म्हणाले, दोन्ही वेळा. मग लहान मुलासारखे एकामागून एक विचारत सुटले... वर कसा आला, तोंड केवढं उघडलं, पाठ पाण्याबाहेर आली का.

"सांगा की, वस्ताद. तुम्ही तरी बघितला ना?"

"न्हाई," वस्ताद म्हणाले. "श्वास घेत होता तो."