सुटी ठेवलेली फरशी

घाटमाथ्यावर, डोंगराला पाठ टेकून बसलेलं एक लहानसं गाव होतं. गावाच्या वरच्या अंगाला थोडी ख्रिस्ती घरं, मध्ये एक बैठं चर्च आणि चर्चच्या मागून डोंगरावर चढत जाणारी पायवाट. त्या वाटेवर रोज सकाळी एक म्हाताऱ्या बाई चालताना दिसायच्या. त्या चर्चच्या जुन्या पाळकांच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, पत्नी. पाळक देवाघरी गेले, त्यांच्या जागी नवे आले, पण गावाच्या थोरल्या बाई याच राहिल्या.

थोरल्या बाईंचं चालणं इतरांसारखं नव्हतं. दर चार पावलांवर त्या थांबायच्या. पळस फुललेला दिसला की त्याच्यासमोर उभ्या राहून मोठ्यानं "वा!" म्हणायच्या, जसं त्यानं आत्ताच गाणं म्हणून दाखवलं असावं. पोरं म्हणायची, "सगळे देवाला नमस्कार करतात, आपल्या बाई झाडांना शाबासकी देतात." बाईंच्या कानावर ते आलं तेव्हा त्या म्हणाल्या, "अरे, शाबासकी ज्याची त्यालाच पोचते. झाड मधला निरोप्या."

या गावात ईस्टरची एक रीत होती. प्रभू येशू मरणातून उठला त्या पुनरुत्थानाच्या रविवारी पहाटे डोंगरावरच्या क्रूसापाशी आधी बायांनी जायचं. पुरुष मागून, गाणी म्हणत. प्रभूच्या कबरेपाशी पहिल्या बायाच गेल्या होत्या म्हणून ही रीत. "बापे तेव्हाही दारं लावून बसले होते," असं बाया हसून म्हणायच्या. आणि प्रत्येक बाईच्या हातात फुलं असायची ती तिच्या स्वतःच्या अंगणातली. विकतचं किंवा मागून आणलेलं फूल चालत नसे.

याच गावात सालोमी नावाची एक बाई होती. तिचं अंगण एके काळी गावात सगळ्यांत फुललेलं. तिला झाडांचं वेड नव्हतं, वेड तिच्या नवऱ्याला, दाविदला. तो कामाला जिथे जाईल तिथून काहीतरी मुळी, काडी, बी रुमालात बांधून आणायचा. एका पावसाळ्याच्या तोंडाशी घाटाखालून तो कसलेतरी कंद घेऊन आला आणि अंगणाच्या कोपऱ्यात, भिंतीलगत त्यानं ते पुरले.

"काय आहे हे?" सालोमीनं विचारलं होतं.

"तुझी ईस्टरची फुलं."

"दिसतायत तर आल्याचे तुकडे!"

"मग चहात टाक," तो हसून म्हणाला होता.

कोपऱ्यात हळदीसारखी रुंद पानं आली. पण पाऊस सरता सरता दाविदला ताप आला आणि त्या तापातच तो गेला. महिन्याभरात कोपऱ्यातली पानंही पिवळी पडली, आडवी झाली, मातीत मिसळून दिसेनाशी झाली.

त्यानंतर सालोमीनं अंगणाला पाणी घातलं नाही. मोगरा वाळला, शेवंती वाळली. चर्चला जाणं तिनं सोडलं नाही, पण ती मागच्या बाकावर बसायची आणि गाणं सुरू झालं की तिचे ओठ हलायचे नाहीत. उन्हाळा लागला तसा तिनं मनाशी निश्चय केला. सगळ्या अंगणाला शहाबादी फरशी घालून टाकायची. रोज उठून त्या मोकळ्या मातीकडे बघणं तिला आता होत नव्हतं.

ही गोष्ट थोरल्या बाईंना कळली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या सालोमीच्या दाराशी काठी आपटत उभ्या राहिल्या.

"सालोमी, ईस्टर येईपर्यंत रोज माझ्याबरोबर चालायला ये गं. गुडघे कुरकुरतात. पडले बिडले तर गावाला सांगायला कुणीतरी हवं."

सालोमीला कळत होतं की बाईंचे गुडघे गावात सगळ्यांत धड आहेत. पण थोरल्या बाईंना नाही म्हणायचं कसं? ती निघाली.

मग रोज सकाळी दोघी त्या वाटेनं जाऊ लागल्या. उन्हानं जमीन भेगाळलेली, ओढ्यात नुसते गोटे. अशा दिवसांत बाई तिला एकेक दाखवत. एका सकाळी पिंपळ. कालपर्यंत त्याच्या नुसत्या फांद्या होत्या, आज तांबूस, लुसलुशीत पानांनी तो अंगभर चमकत होता.

"कुणी पाणी घातलं गं याला?" बाई म्हणाल्या. "पाऊस तर केव्हाच विसरला आपल्याला. ऊन जसं चढतं तशी याला पालवी फुटते. वा!"

दुसऱ्या सकाळी करंज, तिसऱ्या सकाळी एका खडकावर सापानं टाकलेली कात, वाऱ्यानं फडफडणारी. "बघ, कपडे इथेच घडी घालून ठेवलेत आणि मालक निघून गेला," बाई म्हणाल्या. सालोमीला नको असताना हसू आलं. प्रभूच्या रिकाम्या कबरेत गुंडाळून ठेवलेल्या त्या तागाच्या कापडाची गोष्ट तिला लहानपणापासून पाठ होती.

कडुनिंबाखालून जाताना बाई एकदा म्हणाल्या, "प्रभूची कबर बागेत होती, हे लोक विसरतात. त्या पहाटे कबरेपाशी मरियेला प्रभू दिसला तेव्हा तिला तो माळी वाटला. सगळे म्हणतात, रडून रडून तिची नजर चुकली. मला वाटतं, ती फारशी चुकली नव्हती."

सालोमी ऐकायची. चालून आल्यावर तिला भूक लागायला लागली होती, झोप लागायला लागली होती. पण मनातली गाठ होती तिथेच होती. शेवटी उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या दिवशी ती पिंपळाखाली थांबली आणि एक वाळकं पान उचलून तिनं बाईंच्या हातावर ठेवलं.

"बाई, रागावू नका. झाडाला पालवी फुटते, हे मला दिसतं. पण ती नवी पानं आहेत. हे गळलेलं पान काही परत फांदीला लागत नाही. तुमचा पिंपळ जिवंत झाला, या पानाचं काय? माझा माणूस म्हणजे हे पान आहे."

थोरल्या बाईंनी ते पान उलटून पालटून पाहिलं. दुसरं कुणी असतं तर एखादं वचन म्हणून मोकळं झालं असतं. बाईंनी तसं केलं नाही.

"पोरी," त्या म्हणाल्या. "माझेही गेलेत की. तुला पालवी दाखवताना मी स्वतःलाच दाखवत असते." त्यांनी ते पान टाकलं नाही, पदराच्या टोकाला बांधलं. "पण रविवारी क्रूसापाशी येशील ना?"

"माझ्या अंगणात फूल नाही आणि माझ्या मनात आशा नाही. कशी येऊ?"

"त्या पहिल्या बायांकडे तरी कुठे आशा होती? त्या सुगंधी मसाले घेऊन निघाल्या होत्या, मेलेल्या माणसाला लावायला. कबरेच्या तोंडावरचा दगड कोण लोटणार, हेसुद्धा त्यांना माहीत नव्हतं. आशा नव्हती गं त्यांच्याकडे, नुसतं प्रेम होतं. तेवढ्यावर त्या निघाल्या." मग बाई म्हणाल्या, "आणि एक मागते. फरशीचा शेवटचा, भिंतीकडचा कोपरा सोमवारपर्यंत उघडा राहू दे."

"का? काय आहे तिथे?"

"काही नाही. म्हणूनच म्हणते, घाई काय आहे?"

शनिवारी गवंडी अंगण उरकत आणत होता. बोलका माणूस. एकेक फरशी ठोकून बसवायचा आणि म्हणायचा, "वहिनी, घोडा नाचवा आता यावर!" उन्हं उतरायला लागली तेव्हा तो भिंतीकडच्या कोपऱ्यात आला. हातानं माती सारखी करताना त्याला काहीतरी टोचलं.

"हे खुंट कसले ओ वहिनी? माती फोडून वर आलेत जरा."

"माझ्या मालकांनी काहीतरी लावलं होतं. वाळून गेलं," सालोमी म्हणाली. तिनं तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मग बसवू फरशी?"

सालोमीला बाईंचं बोलणं आठवलं आणि थोडा रागही आला. रिकामी जागा रिकामीच राहणार, एक दिवस थांबून काय उगवणार होतं तिथे? पण त्या म्हातारीनं आपलं वाळकं पान पदराला बांधून नेलं होतं, हेही तिच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. हो म्हणवेना आणि नाहीही म्हणवेना.

"फरशी ठेवा," ती शेवटी म्हणाली, "पण खाली सिमेंटचा माल भरू नका. सुटीच राहू द्या. सोमवारी बघू."

"सुटी ठेवली तर हलेल."

"हलू दे."

गवंड्यानं मान हलवली, फरशी नुसती कोपऱ्यातल्या मातीवर ठेवली आणि थापी धुऊन तो घरी गेला.

रविवारी पहाटे, उजाडायच्या आधी, वरच्या आळीत दारं वाजायला लागली. बाया फुलांच्या परड्या घेऊन निघत होत्या. सालोमीला जाग होती. जायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. पण कडी काढून ती उगीच अंगणात आली, आणि थबकली.

अंगणात वास येत होता. मोगऱ्याचा नव्हे, चाफ्याचाही नव्हे. गार, गोड, ओल्या मातीतून यावा तसा. या अंगणात तर कित्येक महिने पाणी पडलं नव्हतं.

ती वासामागोमाग कोपऱ्यात गेली आणि कंदील खाली धरला. फरशी आणि भिंत यांच्यामधल्या बोटभर फटीतून एक फूल बाहेर आलं होतं. पान नाही, देठ नाही. थेट भुईतून उगवलेलं, पांढरं, मधली पाकळी जांभळी. फरशीच्या कडेनं ते वाकलं होतं, पण पुरतं उमललं होतं.

सालोमीनं कंदील बाजूला ठेवला आणि दोन्ही हात फरशीखाली घातले. फरशी तसूभर उचलली गेली आणि परत बसली. तिनं पुन्हा जोर लावला. हात सटकले. मग ती अंगणाच्या फाटकाशी धावली आणि वाटेवरून जाणाऱ्या बायांना तिनं हाक मारली. इतक्या महिन्यांत तिचा आवाज कुणी एवढा मोठा ऐकला नव्हता.

"अगं या गं कुणीतरी! मला एवढा दगड सरकवू लागा!"

बाया परड्या ठेवून धावल्या. सगळ्यांत पुढे थोरल्या बाई, काठी विसरून. कुणी इकडून धरलं, कुणी तिकडून. "हं, आता!" म्हणत सगळ्यांनी मिळून फरशी उचलली आणि भिंतीला उभी केली.

खाली आणखी फुलं होती. काही मिटलेली, काही ओझ्यानं चेपलेली, काही उजेड लागताच हलल्यासारखी वाटणारी. भेगाळलेल्या, कोरड्या ठाक मातीत ती जमिनीला चिकटून उमलली होती.

थोरल्या बाईंनासुद्धा "वा!" म्हणायचं सुचलं नाही. त्या वाकून हळूच म्हणाल्या, "सालोमी, हे कुणी लावलं गं?"

"त्यांनी." सालोमी मातीत बसली होती. "म्हणाले होते, तुझी ईस्टरची फुलं. मी म्हटलं, आल्याचे तुकडे. पानं गेली तेव्हा मला वाटलं, तेही गेलं त्यांच्यामागे." तिनं डोळे पुसले, पण पाणी थांबेना. "बाई, हे नवं झाड नाही. कुणी नवं बी टाकलेलं नाही. त्यांनी पुरलं होतं तेच आहे हे. तेच."

बाईंनी पदराची गाठ सोडली. ते वाळकं पान त्यांनी सालोमीच्या हातात ठेवलं.

"मी या पानाकडेच बघत बसले," सालोमी म्हणाली. "मूळ कुणाच्या हातात आहे, ते बघायचं राहून गेलं."

त्या सकाळी डोंगरावर सगळ्यांत उशिरा पोचलेली परडी सालोमीची होती. सगळ्यांत कमी फुलांचीही तीच. फरशीनं चेपलेलं फूल तिनं मुद्दाम वर ठेवलं होतं. पूर्वेला डोंगराची कड उजळली, खालून पुरुषांचं गाणं वर येऊ लागलं, आणि शेजारी उभ्या असलेल्या बायांनी पाहिलं की सालोमीचे ओठ हलत आहेत.

सोमवारी गवंडी थापी आणि माल घेऊन आला. उघडा कोपरा बघून तो उकिडवा बसला.

"हा तर भुईचाफा! माझ्या आजोळी असायचा. हिवाळ्यात पार नाहीसा होतो, आणि भर उन्हाळ्यात आधी फूल, मग पान." मग त्यानं भिंतीला टेकवलेल्या फरशीकडे पाहिलं. "आता हिचं काय करायचं? बसवली नाही तर अंगणाला भोक राहील, वहिनी."

"राहू दे," सालोमी म्हणाली. "आमच्या ईस्टरला उघड्या जागेचंच कौतुक आहे. तुम्ही बाकीच्याही चार फरश्या काढा. मोगरा लावायचाय."

"कालच तर बसवल्या!"

"परवा बसवल्या. काल रविवार होता," सालोमी हसून म्हणाली. "चहा घ्या आधी."

गवंडी चहा प्यायला आणि कुरकुरत फरश्या उचलू लागला. वरच्या वाटेवरून कुणीतरी मोठ्यानं "वा!" म्हटल्याचा आवाज आला. सालोमीनं पदर खोचला, चपला घातल्या आणि ती त्या आवाजाच्या दिशेनं चढू लागली.

तात्पर्य: जे पुरलं ते संपलं, असं समजून दगड पक्का बसवू नये. मुळं राखणारा जागा असतो. आशा उरली नसेल तर नुसत्या प्रेमानं पहाटेपर्यंत थांबावं. दगड सरकवायला माणसं भेटतात आणि फूल तोच देतो.